पित्ताशयाची सूज: पोटात कळ येण्यापासून ऑपरेशन होऊन घरी येईपर्यंत काय करायचं आणि कुठल्या क्रमानं करायचं

मी मिरजेत ऑपरेशन थिएटरला सिस्टर आहे, सोळा वर्षं झाली. पित्ताच्या पिशवीची ऑपरेशनं आमच्याकडं कायम चालू असतात, तासगाव, विटा, जत, पार अथणी-रायबागकडनं पेशंट येतात, आणि फाईल उघडली की बऱ्याच जणांची सुरुवात एकच असते: पोटात दुखत होतं, ॲसिडिटी समजून चार दिवस गोळ्या खाल्ल्या, मग ताप आला, मग आलो. ऑपरेशन तेच, सर्जन तेच, पण पहिल्या दिवशी आलेला पेशंट आणि आठव्या दिवशी आलेला पेशंट यांची टेबलवरची अवस्था बघितली तर दोन वेगळे आजार वाटतील. म्हणून हे लिहितेय. घरात कुणाला असा त्रास चालू असेल तर सगळं नीट वाचा आणि क्रम मोडू नका. तपासून निर्णय तुमचे डॉक्टरच घेणार, पण त्यांच्यापर्यंत कधी आणि कशा तयारीनं पोचायचं ते तुमच्या हातात आहे.

१. दुखणं ओळखा आणि सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा

पित्ताशय म्हणजे लिव्हरच्या खाली चिकटलेली छोटी पिशवी, लिव्हरनं तयार केलेलं पित्त तिथं साठतं आणि तेलकट-तुपकट खाल्लं की ती आकसून ते पित्त आतड्यात सोडते. पिशवीत खडे असले आणि आकसताना एखादा खडा तोंडाशी अडकला की कळ येते. खडा मागं सरकला तर कळ थांबते, बहुतेक वेळा अर्ध्या तासापासून चार-पाच तासात. खडा सरकलाच नाही तर पिशवी तुंबते, भिंतीला सूज येते, पुढं इन्फेक्शन होतं, आणि यालाच पित्ताशयाची सूज म्हणायचं. म्हणजे खडे असणं आणि सूज येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी डोक्यात पक्कं करा, पुढचे सगळे निर्णय यावरच ठरतात.

दुखणं कसं असतं तर पोटाच्या वरच्या भागात, मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली, तिथनं पाठीत किंवा उजव्या खांद्याच्या पात्यापर्यंत जातं. बऱ्याचदा लग्नाचं किंवा जत्रेतलं जड जेवण झालं की रात्री दहा-अकराला सुरू होतं. सोबत मळमळ, उलटी. मुरड्यासारखं येतं-जातं असं नसतं, एकदा धरलं की धरूनच ठेवतं, आणि खोल श्वास घेतला की बरगडीखाली टोचल्यासारखं होऊन श्वास मध्येच अडतो. डॉक्टर तिथं हात दाबून "श्वास घ्या" म्हणतात ते हेच बघायला.

घड्याळ बघायचं ते इथं. सलग पाच-सहा तास दुखणं पूर्ण थांबलं नाही, किंवा सोबत ताप आला, तर ती साधी कळ राहिलेली नाही.

माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत ही चूक मीच केली. ऑक्टोबरातली द्राक्षाची फळछाटणी चालू होती, रात्री फोन आला, "पोरी, वायगोळा उठलाय गं, पाठीत पण धरलंय." मी नाइट ड्युटीवर होते, ॲसिडिटीची गोळी सांगितली आणि सकाळी बघू म्हटलं. सकाळी थोडं हलकं वाटलं म्हणून ती बागेत गेली सुद्धा, मग रोज फोन, रोज तीच गोळी, आणि चौथ्या दिवशी १०२ ताप. तिला एकच विचारायचं होतं, "आत्या, दुखणं मध्ये पूर्ण थांबलं होतं का?" रोज हेच काम करणारी मी, आणि तेवढं विचारलं नाही. ती बागेत गेली म्हणजे बरी झाली असं मी धरून चालले, पण आमच्याकडच्या बायका अंगात ताप असताना पण छाटणीला जातात हे मला माहीत होतं.

इथं होणाऱ्या बाकीच्या चुका पटापट सांगते. खडा म्हटलं की लोकांना मुतखडाच माहीत असतो, मग पानफुटीची पानं, कुळथाचं पाणी, भरपूर पाणी पिऊन खडा "पाडणं" चालू होतं, पण पित्ताचा खडा लघवीच्या वाटेवर नसतोच तर पडणार कुठनं. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन "खडे पाडायचे" व्हिडिओ फिरतात, त्यात शौचातनं हिरवट गोळे पडतात ते तेलाचा साबण होऊन बनलेले असतात, खडे पिशवीत तसेच. आणि गावातल्या दवाखान्यात रोज एक दुखण्याचं इंजेक्शन घेऊन दिवस काढणं, यात दुखणं दबतं, सूज वाढत राहते, वरनं उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालेलं असताना अशी इंजेक्शनं किडनीला पण महागात पडतात.

थांबा, आधी हे बघा: वय चाळीसच्या पुढं असेल, शुगर-बीपी असेल, घाम फुटला असेल, धाप लागत असेल, तर पोटाच्या वरच्या भागातलं दुखणं हार्ट अटॅकचं पण असू शकतं. पहिला ईसीजी, मग सोनोग्राफी. घरी गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करा.

आणि एक: म्हातारी माणसं आणि जुनी शुगर असलेले पेशंट यांना आत पिशवी सडायला लागली तरी दुखणं कमीच जाणवतं. जेवण तुटलंय, सुस्त पडलेत, थोडा ताप आहे, एवढ्यावर पण दाखवून घ्या.

२. सोनोग्राफीला उपाशी जा, आणि रिपोर्टमधले चार शब्द वाचायला शिका

पहिली आणि मुख्य तपासणी सोनोग्राफीच. "सरळ सिटी स्कॅनच करून टाका, खर्च झाला तर झाला" असं म्हणणारे भेटतात, पण बरेच पित्ताचे खडे सिटीत दिसतच नाहीत, सोनोग्राफीत छान दिसतात. सिटी लागतो तो पिशवी फुटली का, पू झाला का, दुसरं काही आहे का असं बघायला.

सहा ते आठ तास पोट रिकामं हवं. पोट रिकामं असलं की पिशवी पित्तानं भरून फुगलेली असते, खडे स्वच्छ दिसतात. सकाळी निघताना दुधाचा चहा आणि दोन बिस्किटं खाल्ली की पिशवी आकसते आणि आकसलेल्या पिशवीची भिंत जाड दिसते, म्हणजे नसलेली सूज दिसू शकते आणि असलेला बारीक खडा लपू शकतो. "चहाच तर घेतला" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. साधं पाणी चालतं. शुगरच्या पेशंटनी सकाळी लवकरची वेळ मागून घ्या आणि खाल्ल्याशिवाय शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊ नका. मात्र दुखणं जोरात असेल, ताप असेल, तर आठ तास पूर्ण व्हायची वाट बघत घरी बसू नका, इमर्जन्सीत आहे त्या स्थितीत सोनोग्राफी करतात, फक्त शेवटचं कधी खाल्लं ते सांगा.

रिपोर्ट हातात आला की हे बघा:

खडे आहेत का, किती, केवढे, आणि एखादा पिशवीच्या मानेशी अडकलाय का. अडकलेला आणि न हलणारा खडा असेल तर गांभीर्य जास्त.

भिंतीची जाडी. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, त्याच्यावर गेली तर सूज असल्याचा संशय.

पिशवीच्या भोवती पाणी आहे का, आणि सोनोग्राफीचा प्रोब (पोटावर फिरवायचं यंत्र) दाबल्यावर नेमकं तिथंच दुखलं का.

सीबीडी, म्हणजे पित्ताची मुख्य नळी, किती रुंद आहे. साधारण ६ मिलिमीटरपर्यंत नॉर्मल धरतात, वयस्कर माणसात थोडी जास्त असू शकते. रुंद असेल तर खडा पिशवीतनं निसटून नळीत गेलाय का हे शोधावं लागतं, आणि मग पुढचा क्रम बदलतो.

सावध: भिंत जाड दिसली म्हणजे पित्ताशयाचाच आजार असं नाही. पावसाळ्यात डेंग्यूच्या पेशंटची सोनोग्राफी केली तर खडे नसताना पण भिंत जाड आणि भोवती पाणी दिसतं, तसंच लिव्हरच्या आजारात आणि हार्ट कमकुवत असताना पण. डेंग्यूतली ती सूज ताप उतरल्यावर आपोआप जाते, तिला ऑपरेशन लागत नाही. म्हणून ताप आधी आला का दुखणं आधी, हे डॉक्टरांना आठवून सांगा.

३. रक्त तपासा, कावीळ आहे का बघा, आणि नळीत खडा असेल तर क्रम बदला

रक्तात पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (सूज दाखवणारी टेस्ट) वाढले का यावरनं सूज किती ते कळतं, एलएफटीमध्ये (लिव्हरची टेस्ट) बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज वाढले असतील तर नळी अडल्याचा संशय, आणि लायपेज किंवा अमायलेज बघतात ते स्वादुपिंडाला सूज आली का म्हणून. सोबत किडनीसाठी क्रिएटिनिन, शुगर, रक्त गोठण्याची टेस्ट. ही सगळी एकदमच रक्त काढताना करून घ्या, तुकड्यातुकड्यात केली की तिथंच दोन दिवस जातात.

डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकं, अंगाला खाज, यातलं काही दिसलं तर खडा नळीत आहे असं धरून चालायचं आणि खात्रीसाठी एमआरसीपी करायची. हा एमआरआयचाच प्रकार आहे, अंगात पेसमेकर असेल तर आधीच सांगा. नळीत खडा निघाला तर बहुतेक ठिकाणी क्रम असा: आधी ईआरसीपी, म्हणजे तोंडातनं दुर्बीण घालून नळीतला खडा काढणं, आणि त्यानंतर पिशवीचं ऑपरेशन.

या दोन्हीच्या मध्ये एक मोठा खड्डा आहे आणि लोक हमखास त्यात पडतात. ईआरसीपी झाली, कावीळ उतरली, दुखणं गेलं, मग माणूस म्हणतो आता बरं वाटतंय, ऑपरेशन पुढच्या वर्षी बघू. पण खडे तयार करणारी पिशवी आतच आहे, दुसरा खडा कधी पण नळीत उतरू शकतो. ईआरसीपीनंतर दोन आठवड्याच्या आत, जमलं तर त्याच ॲडमिशनमध्ये, पिशवी काढून घ्यायची.

आणि ईआरसीपीत नळीत प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी छोटी नळी, टाकला असेल तर तो काढायची तारीख डिस्चार्ज कार्डवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, कॅलेंडरवर पण लिहा. साधारण तीन महिन्याच्या आत तो काढावा किंवा बदलावा लागतो. वर्षभर विसरलेला स्टेंट मी बघितलाय, त्याच्याभोवती नळीत नवे खडे जमलेले, आणि पेशंट कापरं भरून, थंडी वाजत, हळदीसारखा पिवळा होऊन आलेला.

४. आत्ता ऑपरेशन का नंतर, हे ठरवा

सोनोग्राफीत सहज खडे दिसले, त्रास काहीच नाही, तर बहुतेकांना ऑपरेशनची गरज नसते. घाबरून पळत येऊ नका, पण रिपोर्ट जपून ठेवा आणि काही वेगळी कारणं आहेत का ते सर्जनना एकदा विचारा, उदाहरणार्थ खूप मोठा खडा, सोबत पॉलिप (आतल्या भिंतीवरची छोटी वाढ), भिंतीत कॅल्शियम साठलेलं.

कळा वारंवार येतायत, पण सध्या सूज नाही, तर सोयीची तारीख ठरवून पण पुढच्या काही आठवड्यातच करून घ्या.

सूज आली असेल तर मात्र वेळ महत्त्वाची. दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या ७२ तासात ऑपरेशन झालं तर सगळ्यात बरं, कारण या काळातली सूज पाणीदार असते, थर सुटे होतात. सात ते दहा दिवसांपर्यंत पण अनुभवी हातात होतं. त्यानंतर आतडं, चरबी, पिशवी सगळं एकमेकांना घट्ट चिकटतं, रक्त जास्त जातं, नळीला इजा व्हायचा धोका वाढतो. मग अँटिबायोटिकवर सूज बसवून साधारण सहा आठवड्यांनी ऑपरेशन करतात, आणि त्या सहा आठवड्यात पित्ताशयाच्या सुजेचा अटॅक परत येऊ शकतो. म्हणून मी पहिल्याच टप्प्यात वेळ लिहून ठेवा म्हटलं, सर्जन आल्याबरोबर हाच हिशोब करतात, आणि "झाले असतील तीन-चार दिवस" आणि "सोमवारी रात्री साडेदहाला" यात फार फरक पडतो.

बरेच नातेवाईक विचारतात, "मॅडम, नुसते खडे काढून पिशवी ठेवता येत नाही का?" किंवा "मुतखड्यासारखं मशीननं फोडा की." पिशवी ठेवली तर खडे परत होतात, आणि फोडलेले तुकडे नळीत जाऊन अडकले तर आजच्यापेक्षा मोठं संकट. खडे विरघळायच्या गोळ्या फक्त बारीक कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर, ते पण महिनोन्महिने खाऊन काही जणांनाच लागू पडतात, आणि बंद केल्यावर खडे परत व्हायची शक्यता असतेच. सूज आलेल्या पेशंटला त्यांचा काही उपयोग नाही. पिशवी काढल्यावर पचन थांबत नाही, पित्त लिव्हर बनवतं, ते सरळ आतड्यात जातं.

ज्यांना भूल सोसणारच नाही, हार्ट फार कमकुवत आहे, इन्फेक्शन रक्तात पसरलंय, अशांना आधी सोनोग्राफीत बघून त्वचेतनं पिशवीत नळी घालतात आणि पू-पित्त बाहेर काढतात. "ऑपरेशन न करता नळीवर भागवलं" म्हणून नातेवाईक चिडतात, पण त्या अवस्थेत तेच शहाणपणाचं असतं. गरोदर बाईला सूज आली तर सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनी मिळून ठरवायचं, दुर्बिणीचं ऑपरेशन गरोदरपणात पण होतं, मधले तीन महिने त्यातल्या त्यात सोयीचे.

सर्जनना हे विचाराच: सूज किती गंभीर आहे, नळीत खडा नाही याची खात्री झाली का, दुर्बिणीतनं नाही जमलं तर पुढं काय करणार. चांगला सर्जन या प्रश्नांना चिडत नाही.

५. कागदपत्रं, ऑपरेशनच्या आधी

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर आहे, पण प्रत्येक हॉस्पिटलला प्रत्येक ऑपरेशन लागू असेलच असं नाही, म्हणून ॲडमिट व्हायच्या वेळीच तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणारा माणूस) गाठा आणि "हे ऑपरेशन इथं योजनेत बसतं का" असं स्पष्ट विचारा. रेशन कार्ड आणि आधार मूळ प्रत सोबत, आणि दोन्हीवरचं नाव जुळतंय का ते घरीच बघा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यायची असते. खासगी विमा असेल तर बऱ्याच पॉलिसीत पित्ताच्या खड्यांना सुरुवातीची दोन वर्षं कव्हर नसतं, ते वाचून घ्या. आपल्याकडं सांगली सिव्हिल आणि मिरजेचं मेडिकल कॉलेज दोन्हीकडं सर्जरी विभाग आहे, पैशाची अडचण आहे म्हणून घरी थांबून राहू नका.

६. ऑपरेशनच्या आधीची तयारी

सगळ्यात जास्त ऑपरेशनं पुढं ढकलली जातात ती इथं, आणि कारणं अगदी क्षुल्लक असतात.

उपास: घन पदार्थ ६ तास आधी बंद, तेलकट जेवण असेल तर ८ तास. दुधाचा चहा पण जेवणातच धरायचा. साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं, तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं तर ते ऐका. भूल देताना पोटात अन्न असलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं आणि त्यानं माणूस दगावू शकतो. म्हणून प्रेमानं गुपचूप भरवू नका, आणि भरवलंच असेल तर लपवू नका, सांगून टाका, ऑपरेशन फक्त पुढं जाईल.

गोळ्या: घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीसकट घेऊन या, "बीपीची पांढरी गोळी" सांगून कुणाला काही कळत नाही. रक्त पातळ करायची क्लोपिडोग्रेल साधारण ५ दिवस आधी थांबवतात, पण हार्टमध्ये स्टेंट असेल तर स्वतःच्या मनानं एक दिवस पण बंद करू नका, हार्टच्या डॉक्टरांचं लेखी मत घ्या. शुगरची डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असली गोळी चालू असेल तर ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या ३ दिवस आधी थांबवावी लागते, ती चालू राहिली तर शुगर नॉर्मल दिसत असताना पण रक्तात ॲसिड साठू शकतं. ही गोष्ट सांगायची पेशंट हमखास विसरतात. बीपीची गोळी त्या दिवशी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का, हे गोळीगणिक विचारून घ्या.

तंबाखू, बिडी, मिश्री: आमच्या भागात बायका मिश्रीला व्यसन धरतच नाहीत, विचारलं तर "काही नाही ओ" म्हणतात. त्या दिवशी सकाळी पण मिश्री लावून येतात, ते तोंडात राहिलेलं आणि थुंकी दोन्ही भुलीला त्रासाचं. आदल्या रात्रीपासून पूर्ण बंद. बिडी-सिगारेट जितके दिवस आधी सोडाल तितकी नंतर खोकल्याची उबळ कमी आणि टाक्यांवर ताण कमी.

अंगावरचं: नखाचं पॉलिश काढा, बोटाला लावलेल्या मशीनला ऑक्सिजन नीट मोजता येत नाही. कवळी, जोडवी, नथ, बांगड्या काढा. मंगळसूत्र काढायला बऱ्याच जणींचं मन होत नाही, ते मला कळतं, पण धातूला करंटच्या मशीनमुळं भाजू शकतं, नवऱ्याच्या किंवा सासूच्या हातात द्या, शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा तेच घाला. पोटावरचे केस घरी ब्लेडनं काढू नका, कापलेल्या जागेतनं इन्फेक्शन होतं. बेंबी मात्र साबणानं स्वच्छ धुऊन या, दुर्बीण तिथनंच आत जाते.

तपासा: कुठल्या औषधाची ॲलर्जी, आधीचं पोटाचं ऑपरेशन, सिझर, घरात भुलीचा त्रास झालेला कुणी, हे तिन्ही-चारी फाईलवर लिहिलंय ना?

७. थिएटरमध्ये काय होतं

पूर्ण भूल देतात, श्वासासाठी घशात नळी. बेंबीतनं कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, म्हणजे आत काम करायला जागा होते, आणि चार छोटी भोकं, दोन साधारण १० मिलिमीटरची, दोन ५ ची. टेबल डोक्याकडनं वर आणि पेशंटच्या डाव्या बाजूला कलतं करतात, आतडी खाली सरकतात.

मग येतो तो भाग जिथं आमच्या सरांचा आवाज बंद होतो आणि आम्ही पण बोलत नाही. पिशवीच्या मानेपाशी एक त्रिकोण असतो, त्यातली चरबी आणि चिकटलेले पडदे हळूहळू सोडवत जायचे, पिशवीचा खालचा भाग लिव्हरपासून सुटा करायचा, आणि स्क्रीनवर पिशवीत शिरणाऱ्या दोनच गोष्टी उरल्या पाहिजेत, एक छोटी नळी आणि एक रक्तवाहिनी, दोन्हीच्या मधनं मागचं लिव्हर स्वच्छ दिसलं पाहिजे. ते दिसल्याशिवाय क्लिप लावायची नाही, कात्री उघडायची नाही. कारण सुजलेल्या पोटात पित्ताची मुख्य नळी पण त्या छोट्या नळीसारखीच दिसू शकते, आणि ती कापली गेली तर पेशंटला मोठ्या ऑपरेशनला सामोरं जावं लागतं. दर हजारी मोजक्या पेशंटमध्येच असं होतं, पण ज्याचं होतं त्याचं आयुष्य बदलतं.

आत्याच्या वेळी मी स्वतः त्या टेबलला नव्हते, मीच नको म्हटलं, बाहेर काचेतनं स्क्रीन बघत होते. पिशवी काळसर-हिरवी, भिंतीवर सडल्याचे डाग, वर चरबी चिकटून दगड झालेली, आणि तो त्रिकोण काही केल्या उघडेना. सरांनी जबरदस्ती केली नाही. पिशवीचा वरचा भाग काढला, खडे वेचले, मानेजवळचा थोडा भाग तसाच ठेवून शिवला आणि ड्रेन, म्हणजे आतलं पाणी बाहेर काढणारी नळी, टाकला. एरवी तासाभरात उरकतं ते तीन तास चाललं.

हे सविस्तर सांगितलं कारण बाहेर बसलेले नातेवाईक "दुर्बिणीचं सांगितलं आणि फाडलं कशाला" किंवा "अर्धीच पिशवी काढली" म्हणून भांडायला उठतात. दुर्बिणीतनं सुरू करून पोट उघडायला लागणं, किंवा थोडी पिशवी मागं ठेवणं, हा पेशंटची नळी वाचवायला घेतलेला निर्णय असतो. संमतीपत्रावर हे लिहिलेलं असतं, सही करायच्या आधी वाचून घ्या, कळलं नाही तर मराठीत समजावून मागा.

क्लिपा बहुतेक टायटॅनियमच्या असतात, आयुष्यभर आत राहतात, पुढं एमआरआय करायला अडचण येत नाही.

८. पहिले दोन दिवस

चार-सहा तासांनी पाण्याचे घोट, मग पातळ खाणं, त्याच संध्याकाळी धरून उठवून चालवायचं. "आराम करू दे तिला" म्हणून झोपवून ठेवू नका, चालल्यानं गॅस सुटतो आणि पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी व्हायचा धोका कमी होतो. उजवा खांदा दुखतो, ते पोटात भरलेल्या गॅसमुळं, दोन-तीन दिवसात जातं. पण छातीत दुखणं किंवा धाप वेगळी, ती लगेच सांगा.

ड्रेन असेल तर त्याला बाहेर जोडलेल्या पिशवीत काय येतंय ते रोज बघा: गुलाबी-पाणीदार ठीक, हिरवट-पिवळं आलं तर पित्त गळतंय, सिस्टरला बोलवा. आत्याला दुसऱ्या दिवशी तसंच आलं होतं, ड्रेन होता म्हणून ते बाहेर पडलं, हळूहळू कमी झालं आणि नवव्या दिवशी नळी निघाली.

सरळ झालेलं दुर्बिणीचं ऑपरेशन असेल तर एक-दोन दिवसात घरी सोडतात, उघडून केलं असेल तर पाच-सहा दिवस धरा.

९. घरी आल्यावर

खाणं: पहिले दोन-तीन आठवडे तेल-तूप कमी, थोडं थोडं पण जास्त वेळा. मऊ भाकरी, भात-वरण, उकडलेल्या भाज्या, ताक. मग हळूहळू नेहमीचं. आयुष्यभर पथ्य लागत नाही, पण पहिल्याच आठवड्यात भेटायला आलेल्यांनी आणलेली भजी आणि भडंग खाल्लं तर जुलाब होतील. काही जणांना काही आठवडे शौच पातळ होतं, ते बसतं, महिन्याच्या पुढं चाललं तर दाखवा.

काम: ऑफिसचं काम आठ-दहा दिवसात. उसाची मोळी, दुधाची किटली, खताचं पोतं, भरलेला हंडा हे चार आठवडे नाही, पोट उघडलं असेल तर सहा. बेंबीच्या टाक्यातनं हर्निया होतो तो याच दिवसात, आणि "हलकंच होतं" असं प्रत्येकजण सांगतो.

या गोष्टी दिसल्या तर फोन करत बसू नका, सरळ या: १००.४ च्या वर ताप, डोळे पिवळे, लघवी गडद, पोट फुगून दुखणं दिवसागणिक वाढतंय, उलट्या थांबत नाहीत, टाक्यातनं पू किंवा हिरवट पाणी. पित्त गळत असेल तर त्रास बहुतेक पहिल्या आठवड्यातच दिसतो, म्हणून तिसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल तर ते नॉर्मल धरू नका.

१०. बायोप्सीचा रिपोर्ट

ऑपरेशन झालं की आम्ही खडे छोट्या बाटलीत घालून नातेवाईकांना देतो, आणि बाहेर लगेच मोजदाद सुरू होते, कुणाचे बत्तीस, कुणाचा एकच पण सुपारीएवढा, काळे, पिवळे, तुतीसारखे खरबरीत, फोटो काढून पाहुण्यांना जातात. खडे खुशाल घरी न्या. पण पिशवी लॅबला फॉर्मालिनमध्येच (नमुना खराब होऊ न देणारं औषध) गेली पाहिजे. थोडा खर्च वाचतो म्हणून "कशाला तपासायची, खडेच होते" असं म्हणू नका, क्वचित कधी तिच्यात कॅन्सरची सुरुवात निघते, जी सोनोग्राफीत दिसलेली नसते, आणि तेव्हाच कळलं तर पुढं काही करता येतं.

रिपोर्ट यायला साधारण आठवडा लागतो. तोवर पेशंट घरी गेलेला असतो, टाके काढायला गावातल्याच डॉक्टरांकडं जातो, आणि रिपोर्ट लॅबच्या कपाटात पडून राहतो, आमच्याकडं असे न नेलेले रिपोर्ट कायम असतात. डिस्चार्जच्या दिवशीच विचारा रिपोर्ट कधी आणि कुठं मिळणार, तो सर्जनना दाखवा, आणि फाईलमध्ये ऑपरेशन नोटच्या पाठीमागं लावा. आत्यासारखा थोडा भाग मागं ठेवला असेल तर ते ऑपरेशन नोटमध्ये लिहिलेलं असतं, त्याची झेरॉक्स वेगळी ठेवा, कारण पाच वर्षांनी परत पोटात दुखलं आणि दुसरे डॉक्टर म्हणाले "पिशवी तर काढलेली आहे, मग खडा कुठनं येणार," तर तोच कागद दाखवावा लागेल. आत्याचा कागद तिनं रेशन कार्डच्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलाय.